लॅपटॉपवरच्या डीजे सेटअपमधली घुरघुर: कुठून येते, कशी शोधायची, कशी घालवायची

फेडर खाली ओढला, गाणं थांबलं, निवेदकाने माईक हातात घेतला आणि मधल्या दोन सेकंदांच्या शांततेत दोन्ही स्पीकर घूंऽऽ करत राहिले. लॅपटॉपवर वाजवणाऱ्या बहुतेकांना हा क्षण ओळखीचा असेल. मग आधी नवीन वायरी घेतल्या जातात, नंतर साउंड कार्ड बदललं जातं, आणि इतकं करूनही घुरघुर जागची हलत नाही. कारण बहुतेक वेळा एकही वस्तू बिघडलेली नसते. लॅपटॉप एकटा शांत असतो, कंट्रोलर (गाणी हाताळायचं टेबलावरचं नॉब-बटणांचं यंत्र) एकटा शांत असतो, स्पीकरही शांत असतात. आवाज जन्माला येतो तो यांना एकमेकांशी जोडल्यावर. त्यामुळे बिघडलेली वस्तू शोधण्यात वेळ जातो. शोधायचा असतो तो आवाजाचा रस्ता.

आधी नीट ऐका

सगळं चालू ठेवा, गाणं बंद करा, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) नेहमीच्या जागी ठेवा आणि स्पीकरजवळ जाऊन अर्धा मिनिट ऐका. आवाजाचा पोत निम्मं उत्तर देऊन जातो.

जाड, खर्जातला, एकसुरी हूंऽऽ असेल तर तो विजेच्या तारेतून आलेला आहे. वीजपुरवठा जिथे ५० हर्ट्झचा आहे तिथे हा सूर ५० हर्ट्झचा असतो, ६० हर्ट्झच्या देशांत ६० चा. त्याच्यावर धारदार झर्रर्र चढलेली असेल, म्हणजे १००, १५०, २०० असे वरचे पट मिसळलेले असतील, तर चार्जर, दिव्यांचे डिमर किंवा अर्थिंगच्या फेऱ्याकडे बोट जातं.

बारीक, चिरका, डासासारखा आवाज असेल तर माऊस हलवून बघा, स्क्रीनवरची गाण्यांची यादी वरखाली करून बघा. त्या तालावर आवाज बदलला तर तो लॅपटॉपच्या पोटातला आहे आणि यूएसबीच्या ग्राउंडवरून बाहेर पडतोय.

डिग्-डिग्-डिग्-डर्रर्र असा तुटक आवाज अधूनमधून येत असेल तर मोबाईल उचलून लांब ठेवा. जुन्या टूजी जाळ्यावर फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा ठोके देत बोलतो आणि जवळची ऑडिओ वायर ते ठोके पकडते. या आवाजावर एवढाच उपाय आहे.

पावसासारखी सतत फस्स्स असेल तर तो लेव्हल चुकीच्या जागी वाढवल्याचा परिणाम. आणि गाणं वाजतानाच टक्, खर्र, मधेच तुटणं असं होत असेल तर तो विजेचा विषयच नाही, लॅपटॉप वेळेत आवाज पुरवू शकत नाहीये. त्याबद्दल शेवटी बोलू.

एक गोष्ट अजिबात करायची नाही

थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकली की घुरघुर बऱ्याचदा लगेच थांबते. म्हणूनच हा उपाय तोंडोतोंडी पसरलेला आहे. तो करू नका, दुसरा कोणी करत असेल तर त्यालाही थांबवा. अर्थची तार आवाजासाठी नसते. आतली फेजची तार सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर तो करंट जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा यासाठी ती असते. ती काढली तर तोच करंट यूएसबी आणि ऑडिओच्या वायरींमधून वाट काढतो, नाहीतर माईक धरलेल्या माणसातून. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर मंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला, अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागून. खाली दिलेले सगळे उपाय ऑडिओच्या बाजूने करायचे आहेत, विजेच्या बाजूची अर्थिंग अबाधित ठेवून.

मिक्सरला किंवा लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर चांगल्याच झिणझिण्या येत असतील, तर आधी सॉकेटला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर ऑडिओचं काम पुढे नेऊ नका.

शोध स्पीकरपासून मागे

बहुतेक जण लॅपटॉपपासून सुरुवात करतात. मी उलट्या टोकाने जातो, कारण त्यात प्रत्येक पायरीवर पक्कं उत्तर मिळतं. वायर काढण्याआधी दरवेळी स्पीकरचा आवाज पूर्ण खाली घ्या, नाहीतर बसणारा दणका ट्विटरला (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या छोट्या भागाला) महागात पडेल.

पहिल्यांदा स्पीकरमध्ये येणाऱ्या सिग्नलच्या वायरी काढा, फक्त पॉवर ठेवा. आवाज हळूहळू नेहमीच्या जागी आणा. आताही हूंऽऽ आहे? मग दोष स्पीकरचा, अँपचा किंवा त्या सॉकेटचा. लॅपटॉपचा यात संबंध नाही, पुढचं सगळं सोडून तिथेच लक्ष द्या.

शांत असेल तर मिक्सर किंवा कंट्रोलर जोडा, पण त्याला अजून काहीच जोडू नका. स्वतःचा पॉवर असलेला कंट्रोलर यूएसबीशिवायही चालू होतो. फक्त यूएसबीवर चालणारा असेल तर तो बॅटरीवर चालणाऱ्या, चार्जर काढलेल्या लॅपटॉपला जोडा. शांतता टिकली तर एकेक गोष्ट वाढवत जा: यूएसबी, मग चार्जर, मग बाहेरची हार्ड डिस्क, मग स्क्रीनची वायर. ज्या पावलाला आवाज आला, तो रस्ता सापडला.

वाटेत एक चटकन होणारी चाचणी करून घ्या. मास्टरचा नॉब वरखाली करा. घुरघुर त्याच्यासोबत कमीजास्त झाली तर ती मास्टरच्या आधी शिरतेय. नॉब शून्यावर नेला तरी ती तितकीच राहिली तर मास्टरच्या नंतर, म्हणजे कंट्रोलरच्या आउटपुटपासून स्पीकरपर्यंतच्या टप्प्यात शिरतेय. या एका चाचणीने अर्धा सेटअप संशयातून सुटतो.

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. काढलेली वस्तू परत जोडू नका, जोवर पूर्ण शांतता होत नाही तोवर.

हे मी एका सभागृहात शिकलो. तालमीच्या वेळी झर्रर्र येत होती. मी आरसीए वायर (लाल-पांढऱ्या टोकांची साधी ऑडिओ वायर) बदलली, फरक नाही, जुनीच परत लावली. चार्जर काढला, आवाज किंचित सौम्य झाल्यासारखा वाटला पण होताच, म्हणून चार्जर परत लावला. मग मागच्या एलईडी भिंतीला व्हिडिओ देणारी एचडीएमआय वायर लॅपटॉपमधून उपटली, तरी आवाज होताच, म्हणून तीही परत खोचली. तासभर हेच चाललं. शेवटी सोबतच्या वयस्कर साउंडवाल्यांनी काही न बोलता चार्जर आणि एचडीएमआय दोन्ही एकदम काढल्या. स्पीकर असे गप्प झाले की पंख्याचा आवाज ऐकू आला.

तिथे रस्ते दोन होते. एक चार्जरच्या अर्थमधून, दुसरा एचडीएमआयच्या जाळीवरून (वायरीच्या आतल्या तारांभोवतीचं धातूचं विणकाम) सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या अर्थपर्यंत. एक बंद केला तरी करंट दुसऱ्याने येतच होता. मी प्रत्येक वेळी एक दार लावून तपासत होतो आणि ते उघडून मग दुसरं लावत होतो. असं केल्यावर खरा दोषीही निर्दोष ठरतो. म्हणून काढत जा, काढलेलं बाजूला ठेवत जा, आणि शांतता झाल्यावर एकेक परत आणा.

चार्जर एवढा वेळा का सापडतो

थ्री-पिन चार्जरमध्ये लॅपटॉपकडे जाणारी उणे बाजू बहुधा आत अर्थशी जोडलेली असते. लॅपटॉपचं ग्राउंड यूएसबीच्या वायरीतून कंट्रोलरमध्ये जातं, तिथून आरसीएच्या बाहेरच्या जाळीवरून मिक्सर किंवा स्पीकरमध्ये, आणि स्पीकर आपल्या थ्री-पिन प्लगने पुन्हा अर्थला. झालं वर्तुळ पूर्ण. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये अगदी थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी या वर्तुळात करंट वाहतो. आणि आरसीए वायरीत जाळी हीच सिग्नलची परतीची वाट असते. त्यामुळे जाळीवरून वाहणारा प्रत्येक उपरा करंट गाण्यात मिसळतो, अँप त्याला गाण्याइतकाच मोठा करतं.

टू-पिन चार्जर असला की हे टळेल असं वाटतं. तसं नेहमी होत नाही. त्याच्या आत हस्तक्षेप रोखण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या धातूवर येतो. मनगट लॅपटॉपच्या कडेला घासल्यावर जी बारीक खरखर जाणवते ती हीच. हा करंटही जमिनीची वाट शोधत यूएसबी आणि आरसीएमधूनच जातो. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झर्रर्र कमीजास्त होत असेल तर हे प्रकरण समजा.

खात्री करणं सोपं आहे: चार्जर लॅपटॉपच्या बाजूने काढा, भिंतीतला प्लग नुसता बंद करू नका. आवाज थांबला तर रस्ता तोच.

उपाय, ज्या क्रमाने मी करतो

सर्वांत आधी पॉवर. लॅपटॉपचा चार्जर, कंट्रोलर, मिक्सर आणि शक्य असल्यास स्पीकरही एकाच सॉकेटमधून निघालेल्या एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. सगळ्यांचा अर्थ एकाच ठिकाणी मिळाला की फरकाचं व्होल्टेज जवळपास संपतं आणि वर्तुळही आक्रसतं. बोर्डाची क्षमता बघा. डीजेचं टेबल आणि दोन पॉवर्ड स्पीकर बहुधा आरामात बसतात, मोठे सबवूफर आणि अँप रॅक आले की बोर्डावर भार टाकू नका, त्यांना त्याच पॉइंटच्या वितरण पेटीतून स्वतंत्र लाईन द्या. दिवे, डिमर, धुराचं यंत्र, फ्रिज, पंखे या बोर्डावर येता कामा नयेत. निव्वळ या एका बदलाने मी अनेक ठिकाणी आवाज गेलेला पाहिला आहे, म्हणून तो पहिला.

दुसरं, बॅलन्स्ड जोडणी. कंट्रोलरला एक्सएलआर (माईकच्या वायरीला असतो तो तीन पिनांचा गोल जॅक) किंवा तीन भागांच्या, दोन काळ्या कड्या असलेल्या टीआरएस जॅकचं आउटपुट असेल आणि तरीही तुम्ही आरसीए वापरत असाल, तर आजच बदला. बॅलन्स्ड वायरीत सिग्नलच्या दोन तारा असतात आणि स्पीकर त्या दोघींमधला फरक तेवढा घेतो. बाहेरून आलेली घुरघुर दोन्ही तारांवर सारखीच चढते, त्यामुळे फरक काढताना ती वजा होते. जाळीही सिग्नलच्या वाटेतून बाहेर पडते. लांब अंतरासाठी तर दुसरा पर्यायच नाही.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. आउटपुट फक्त आरसीए आहे, म्हणून लोक आरसीए-ते-एक्सएलआर तयार वायर आणतात आणि जोडणी बॅलन्स्ड झाली असं धरतात. तयार वायरीत बहुतेकदा एक्सएलआरच्या टोकाला पिन १ आणि पिन ३ एकत्र जोडलेल्या असतात, म्हणजे आकार बदलला, रस्ता तोच राहिला. सोल्डरिंग येत असेल तर दोन तारा आणि जाळी असलेली माईकची वायर घ्या. आरसीएचं मधलं टोक पहिल्या तारेने पिन २ ला, आरसीएची बाहेरची कडी दुसऱ्या तारेने पिन ३ ला, आणि जाळी पिन १ ला. आरसीएच्या टोकाला जाळी कापून मोकळी ठेवा. आता स्पीकर पिन २ ची तार आणि कंट्रोलरचं ग्राउंड यांच्यातला फरक मोजतो आणि लूपचा करंट सिग्नलच्या तारेत येत नाही. थोड्या वेळाचं काम, आणि फरक कानाला लगेच कळतो.

तिसरं, ट्रान्सफॉर्मर आयसोलेटर. वरचे दोन्ही करून आवाज उरला, किंवा दुसऱ्याच्या साउंड सिस्टिमला जोडायचंय आणि तिथलं काही बदलता येत नाही, तेव्हा हाच हुकमी उपाय. आत एकास एक ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, ग्राउंडचा तांब्याचा धागा मात्र तुटतो. विजेच्या अर्थिंगला यात कुठेच हात लागत नाही. कंट्रोलर आणि मिक्सरच्या मधे, डावा आणि उजवा दोन्ही चॅनेलला तो लावायचा.

घेताना खर्जाकडे बघा. गाडीत वापरतात तशा इवल्याशा आयसोलेटरचा गाभा लहान असतो. बास जोरात आला की तो संपृक्त होतो आणि किक ड्रम फुगलेला, फाटका ऐकू येतो. नृत्याच्या संगीताचा जीवच ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे इथे काटकसर अंगाशी येते. विकत घेण्याआधी ओळखीचं, खोल बासचं गाणं त्यातून पूर्ण लेव्हलला वाजवून बघा.

डीआय बॉक्सही (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी पेटी) चालतो, पण तो सिग्नल माईकच्या लेव्हलवर उतरवतो, म्हणून त्याची वायर मिक्सरच्या माईक इनपुटला जाते, लाईनला नव्हे. त्याच्यावरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका निर्धास्तपणे वापरा. तो ऑडिओ वायरीतली पिन १ तोडतो, प्लगची अर्थ नाही.

चौथं, यूएसबीची बाजू. बास न बिघडता लूप तोडायचा असेल तर यूएसबी आयसोलेटर हा विचार चांगला आहे, पण एक अट बघा. अनेक आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतात आणि बरेचसे कंट्रोलर, साउंड कार्ड ४८० मेगाबिटचा यूएसबी २.० वेग मागतात. वेग जुळला नाही तर उपकरण बऱ्याचदा नीट चालत नाही किंवा ओळखलंच जात नाही. शिवाय आयसोलेटर पलीकडे किती करंट देतो तेही पाहावं लागतं, खासकरून कंट्रोलर यूएसबीवरच चालत असेल तर. ते घेण्याआधी साध्या गोष्टी करा: हब काढून थेट लॅपटॉपला जोडा, दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरा, आखूड आणि जाड वायर घ्या. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब म्हणजे लूपसाठी आणखी एक दार.

नुसत्या बॅटरीवर वाजवणं हा तासाभराच्या सेटसाठी प्रामाणिक उपाय आहे. मात्र बॅटरीवर गेल्यावर अनेक लॅपटॉप वेग कमी करतात, म्हणून पॉवरची सेटिंग पूर्ण क्षमतेवर आधीच करून ठेवा. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर पुरेशा वॅटची पॉवर बँक लावा. तिला भिंतीशी नातंच नसल्यामुळे लूप तयार होत नाही. मी बॅगेत एक ठेवतोच.

टर्नटेबल असतील तर

टाइमकोड तबकड्यांवर (ज्यांच्या फिरण्यावरून सॉफ्टवेअर गाणं चालवतं) वाजवणाऱ्यांकडे मोठ्ठा हूंऽऽ आला की मी आधी एकच गोष्ट बघतो. टर्नटेबलमधून आरसीएसोबत एक बारीक, टोकाला इंग्रजी यूसारखी पट्टी असलेली तार येते. ती मिक्सरच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसलेली हवी. वाहतुकीत ती पट्टी वाकते, स्क्रू अर्धा सैल असतो, आणि तार लावलेली दिसते पण टेकलेली नसते. बोटाने ओढून बघा. कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या छोट्या भागाचा) सिग्नल जेमतेम ५ मिलीव्होल्टचा असतो, इतक्या अशक्त सिग्नलला एवढी ढिलाईही झेपत नाही.

फोनो-लाईन खटकाही (इनपुटला टर्नटेबलचा अशक्त सिग्नल येतोय की नेहमीचा, हे ठरवणारा) तपासा. लाईनचा सिग्नल फोनोवर गेला तर गाणं फाटतं आणि घुरघुर अनेक पटींनी वाढते. साउंड कार्डला सिग्नल जात असेल तर जीएनडीची तार त्याच पेटीला द्या जिला आरसीए जातात.

लेव्हल आणि वायरींची मांडणी

कंट्रोलरचा मास्टर निम्म्यावर आणि स्पीकरचा गेन पूर्ण उघडा असला की स्पीकर गाण्याबरोबर वाटेतली सगळी घाणही मोठी करतो. उलट करा. सॉफ्टवेअरमध्ये मास्टर मीटर लाल न होऊ देता भरपूर ठेवा, कंट्रोलरचा मास्टर ० डेसिबलच्या आसपास, आणि मग स्पीकरचा गेन हवा तेवढाच उघडा. व्यावसायिक मिक्सरची नाममात्र लेव्हल +४ डीबीयू असते, घरगुती आरसीएची −१० डीबीव्ही. दोघांत जवळपास १२ डेसिबलचा फरक आहे. स्पीकरवर त्यासाठी खटका असेल तर योग्य बाजूला लावा. सॉफ्टवेअरमधला वापरात नसलेला माईकही बंद करा.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट सिस्टिमला देत असाल तर साधंसंच बाहेरचं साउंड कार्ड घ्या. त्या भोकाच्या शेजारीच लॅपटॉपचे सगळे गोंगाटी भाग बसलेले असतात.

ऑडिओ आणि पॉवरच्या वायरी एकत्र बांधून टेप मारू नका. त्यांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. चार्जरची वीट मिक्सरखाली सरकवायची सवय अनेकांना असते, ती बाहेर काढा. वायर हलवल्यावर खर्र होत असेल तर ती वायर तिथल्या तिथे गाठ मारून बाजूला टाका, म्हणजे चुकून परत वापरात येणार नाही.

टक्-टक् आणि तुटणं

हा आवाज गाण्यासोबतच येतो, शांततेत नसतो. सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज आधीच साठवून ठेवायची जागा) वाढवा. ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे ११.६. स्क्रॅच करत नसाल तर ५१२ वर कोणताही त्रास होत नाही. विंडोजवर कंट्रोलर किंवा साउंड कार्डच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोहोचवणारं सॉफ्टवेअर) वापरा, यूएसबीचं पॉवर वाचवणं बंद करा, वायफाय बंद करा. प्रणालीचा आणि सॉफ्टवेअरचा सॅम्पल रेट एकच ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी

साउंड चेकला शांतता तपासायची असते, आणि ती दिवे लावल्यावर. दुपारी रिकाम्या सभागृहात सगळं स्वच्छ वाजतं, संध्याकाळी डिमर अर्ध्यावर आले की झर्रर्र सुरू होते, कारण अर्ध्यावरचा डिमर विजेची लहर मधेच कापतो. म्हणून लाईटवाल्यांना सांगा: सगळे डिमर निम्म्यावर आणा, एलईडी भिंत चालू करा, धुराचं यंत्र तापू द्या. चार्जर आणि एचडीएमआय लावलेल्या, मास्टर कार्यक्रमाच्या जागी, गाणं बंद. मग स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेत एक पूर्ण मिनिट उभे राहा. काही ऐकू आलं तर अजून दोन तास हातात आहेत. स्पीकरच्या वायरीपासून मागे सुरुवात करा.